देवाला तू, नवऱ्याला अहो

‘‘बाई, बाकी सगळं करतो. देवाला तू म्हणणार नाही,’’ डोंगरे म्हणाला आणि वही मिटून बसला.

डोंगरे कोरियाचा. खरं नाव दोंग-र्युल. कॉलेजच्या शिपायानं पहिल्याच दिवशी त्याचा डोंगरे करून टाकला आणि त्यालाही ते आवडलं. मी त्याची मराठीची शिक्षिका. पुण्यात नुकतंच आयटीचं वारं शिरलं होतं. सकाळी मी एका सॉफ्टवेअर कंपनीत परदेशी इंजिनिअरना ‘सर्व्हायव्हल मराठी’ शिकवायचे, म्हणजे रिक्षा, भाजी आणि ‘जास्त तिखट नको’. दुपारी विश्रांतवाडीच्या बाजूला, एका छोट्याशा ख्रिस्ती कॉलेजात. तिथे केनियाची ग्रेस, म्यानमारचे दोघं, आणि हा.

त्या वर्गाची मला अजून स्वप्नं पडतात. खिडकीशी बुचाचं झाड होतं. लांब देठाची पांढरी फुलं गिरक्या घेत आत यायची, एखादं थेट वहीतल्या क्रियापदावर. शेजारच्या चॅपलमध्ये कुणीतरी पियानोवर एकच ओळ पुन्हा पुन्हा वाजवायचं. ग्रेस डोळे मिटून ‘मी जाते, तू जातेस’ म्हणायची आणि बघता बघता त्याचं गाणं होऊन जायचं. नारायण पेठेतून घामाघूम होऊन आलेली मी खुर्चीत टेकले की वाटायचं, पुणं कुठेतरी लांब राहिलं.

पण ओरल जवळ आली होती. ओरल म्हणजे तोंडी परीक्षा. आमच्याकडे ती चर्चमध्ये व्हायची. रविवारच्या मराठी उपासनेत विद्यार्थ्यानं उभं राहून स्वतःच्या शब्दांत प्रार्थना करायची. पास झाला तरच डोंगरेला नगरकडच्या दवाखान्यात काम मिळणार होतं. नाहीतर परत कोरिया. आणि त्याला तो दवाखाना मनापासून हवा होता.

‘‘अरे, मराठीत देवाला तूच म्हणतात. सगळेच म्हणतात,’’ मी म्हटलं.

‘‘आमच्या भाषेत देवासाठी सगळ्यात वरचं, मानाचं क्रियापद. तू म्हणजे... थोबाडीत मारल्यासारखं.’’

‘‘बरं, मग काय म्हणणार आहेस?’’

तो उभा राहिला. हात जोडले. ‘‘अहो प्रभू, आपण यावे.’’

मी हसू आवरायचा प्रयत्न केला. नाही आवरलं. ‘‘डोंगरे, अहो म्हणजे आमच्याकडे नवरा!’’

‘‘नवऱ्याला अहो आणि देवाला तू?’’ तो चक्रावलाच. ‘‘नवरा देवापेक्षा मोठा?’’

‘‘नवऱ्याचा तसा समज असतो,’’ मी म्हटलं. ग्रेस बाकावर डोकं ठेवून हसत राहिली.

प्रिन्सिपल साळवी सरांना मी विचारून पाहिलं. ‘‘सर, आपण-तुम्ही चालेल का? भाषा उत्तम आहे त्याची.’’

‘‘बाई, दवाखान्यातल्या म्हाताऱ्या त्याच्या हाताला धरून प्रार्थना करायला लावणार. तिथे हा देवाला अर्ज केल्यासारखा बोलला तर कसं व्हायचं?’’

सरांचं चूक नव्हतं, म्हणून जास्तच राग आला.

दुसऱ्या दिवशी वर्गात आम्ही दोघंच होतो. पियानो चालू होता. मी सहज विचारलं, ‘‘घरी आईशी कसा बोलतोस?’’

त्यानं वही मिटली. ‘‘लहानपणी साधं. आमच्याकडे सगळ्या मुलांना सैन्यात जावं लागतं, तिथून परत आलो तेव्हा वरचं क्रियापद वापरलं. मोठा झालो ना. मान द्यायला पाहिजे.’’

‘‘मग? खूश झाली?’’

‘‘रडली. म्हणाली, घरी पाहुणा आला.’’

माझा मुलगाही तेव्हा नोकरीसाठी अमेरिकेला गेला होता आणि फोनवर फार सभ्य बोलायला लागला होता. बुचाचं एक फूल दोघांच्या मधे पडलं. आम्ही पियानो ऐकत बसलो. त्या दिवशी व्याकरण झालं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. साळवी सर पहिल्या बाकावर, हातात पेन. मी मागच्या बाकावर. डोंगरे उभा राहिला.

‘‘हे प्रभो, आपण...’’ आणि थांबला.

थांबला तो थांबलाच. कुणीतरी खोकलं. सरांनी मान वर केली. संपलं, मी मनात म्हटलं. गेला हा कोरियाला.

मग अगदी हळू आवाज आला. ‘‘देवा, तू इथेच आहेस. मी पाहुण्यासारखा बोलत होतो. तुला वाईट वाटलं असेल. आता नाही बोलणार तसं. तू बस आमच्याजवळ.’’

पुढच्या बाकावरच्या आजीबाई ‘आमेन’ म्हणाल्या, प्रार्थना संपायच्या आधीच. सरांनी पेन खिशात ठेवलं. मी पदरानं डोळे पुसले आणि आजूबाजूला कुणी बघितलं का ते पाहिलं.

डोंगरे पास झाला. नगरला निघाला त्या दुपारी मी एस. टी. स्टँडवर गेले. ऊन मी म्हणत होतं. मला बघून तो बसमधून खाली उतरला.

‘‘बाई, एवढ्या उन्हात तू कशाला आलीस?’’

धडा एवढाच, की नियम शिकवला की विद्यार्थी तो कुठे लावेल हे आपल्या हातात राहत नाही. शनिवार पेठेतल्या भाजीवाल्यानं मला तू म्हटलं असतं, तर पिशवी तिथेच ओतून आले असते. विद्यार्थ्याची चूक न सुधारता पुढे जायची तर मला सवयच नाही.

‘‘पाण्याची बाटली घेतलीस का?’’ मी विचारलं.