पावणेदोन किलो: गोराईतले तीन दिवस

गोराईला बोटीने कसं जायचं, एका दिवसात होतं का, असं गेल्या महिन्यात दोन वाचकांनी विचारलं. मी उत्तर लिहायला बसले आणि लक्षात आलं की माझं गोराई म्हणजे ऐंशीच्या दशकातले तीनच दिवस आहेत. त्यात मी समुद्रकिनारा पाहिलाच नाही. तरी जे पाहिलं ते लिहिते.

तेव्हा मी चोवीस वर्षांची, मुलुंडला राहणारी. वडील कामाला होते ती कापडगिरणी बंद पडली आणि मी एका संस्थेत नोकरी धरली. गरोदर बायकांना पौष्टिक पिठाची पाकिटं वाटायची, हे आमचं काम. भाजलेला गहू, सोयाबीन, थोडी साखर आणि त्यात मिसळलेलं लोह नि जीवनसत्त्वं. दुधात किंवा नुसत्या पाण्यात कालवून खायचं. चौथ्या महिन्यापासून बाई रोज हे खाईल तर बाळ जन्माला येताना वजनाला चांगलं भरेल, असं आमच्या वरिष्ठ देसाईबाईंनी आम्हाला शिकवलं होतं. देसाईबाई पार्ल्याच्या, शिस्तीच्या. त्यांचा एक नियम फार कडक होता: पाकीट फक्त गरोदर बाईचं. घरात वाटलं की तिच्या पोटात काय राहणार? म्हणून पाकीट देताना दर वेळी आम्ही बजावायचो, "एक चमचासुद्धा दुसऱ्या कुणाला नाही."

गोराईच्या कोळीवाड्यातल्या बायकांना दर महिन्याला पाकिटं द्यायला मी बोरिवलीच्या बाजूच्या धक्क्यावर जायची. त्या मासे विकायला अलीकडे यायच्याच. गावात कधी गेले नव्हते. दिवाळी झाली, बाळंतपणं होऊ लागली, तेव्हा देसाईबाई म्हणाल्या, "सुनंदा, आता तू तिकडे जाऊन राहा तीन दिवस. सगळ्या बाळांची वजनं घेऊन ये."

पहिला दिवस

मुलुंडहून दादर, तिथे गाडी बदलून बोरिवली, मग पश्चिमेकडून खाडीपर्यंत बस. पुढे बोट. भाडं सुट्ट्या पैशांत भागायचं. जाणाऱ्यांनी एक लक्षात ठेवा, भरती-ओहोटीची वेळ विचारून निघा. ओहोटीला बोट काठाला लागत नसे आणि चिखलातून चालत जावं लागे. मला भरती मिळाली. खांद्यावरच्या पिशवीत वजनाचा ताणकाटा, बाळाला ठेवायची कापडी झोळी आणि वजनांचा तक्ता. पलीकडे उतरल्यावर टांगे उभे होते, पण मी चालत गेले. एका बाजूला मिठागरं, दुसरीकडे वाळत घातलेले बोंबील. वास पहिल्या दहा मिनिटांत जाणवतो, नंतर नाही.

राहायची सोय चर्चजवळ आग्नेसबाई नावाच्या शिक्षिकेकडे होती. त्यांनी हातावर थापलेली तांदळाची भाकरी आणि सुक्या जवळ्याचं कालवण वाढलं. इतकं चविष्ट जेवण त्या महिन्यात माझ्या पोटात गेलं नव्हतं. दुपारपर्यंत तीन घरं झाली. बाळं बरी भरली. एक तर तीन किलोला टेकलं. मी खूश होते, चाल जरा जोरातच पडत होती.

चौथं घर यमुनाचं. बाळ तीन दिवसांचं, मुलगा. नवरा बोटीवर गेलेला. घरात सासू आणि रूपा नावाची पाच वर्षांची मुलगी. मी आढ्याच्या वाशाला काटा टांगला, आधी नुसत्या झोळीचं वजन केलं, मग बाळाला आत ठेवलं. काटा थोडासाच खाली आला. मी झोळी पुन्हा टांगली. पुन्हा तेच.

पावणेदोन किलो.

बाळ रडलंसुद्धा नाही. पाय थंड होते.

"पाकिटं खाल्लीस ना तू?" मी विचारलं.

"खाल्ली," यमुना म्हणाली.

"सगळी?"

"सगली."

चुलीमागच्या फळीवर आमच्या पाकिटांच्या रिकाम्या पिशव्या धुऊन ठेवल्या होत्या. त्यांत जवळा भरला होता. घरात एक लहान, हाडं दिसणारी मुलगी. मला वाटलं, कळलं. मी तेव्हा हुशार होते ना!

"खरं सांग गं यमुना. घरात वाटलंस ना?"

ती बाळाला पदराखाली घेऊन खाली बघत राहिली. मी तक्त्यावर शेवटच्या रकान्यात लिहिलं, "वाटून खाल्ले."

"काय लिवलंस गो बाय?" सासूने विचारलं. मी वाचून दाखवलं.

म्हातारी उठून माझ्यासमोर येऊन बसली. आवाज चढवला नाही तिने. "दार लावून खायची ती. रोज. ही पोर बाहेरून दार वाजवायची, मना पन दे, मना पन दे करून रडायची. मी तिला धरून पडवीत बसायची. तुमी बोल्ला व्हता ना, एक चमचा पन नाय? मंग? नाय दिला तिनं. पोटच्या पोरीला नाय दिला."

रूपा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. आपल्याबद्दल बोलणं चाललंय हे तिला कळत होतं.

 मी लिहिलेलं खोडलं. "सगळे खाल्ले" असं लिहिलं. पण तोंडाने "चुकलं माझं" एवढं म्हणायला हवं होतं, ते म्हणाले नाही.

बाळाला दवाखान्यात न्यायला हवं, असं मी म्हटलं तर सासू म्हणाली, "पाचवी पुजल्याबगर पोर उंबऱ्याभायेर नाय काढायची." मी खूप समजावलं. ती ऐकेना. आणि खरं सांगायचं तर त्या घरात कुणाला काही सांगायला माझी जीभ आता रेटत नव्हती. आग्नेसबाईंनी येऊन बाळाला कापसात गुंडाळलं आणि यमुनाच्या छातीशी बांधून दिलं. "असंच ठेव, काढू नकोस," म्हणाल्या.

दुसरा दिवस

सकाळी भाकरी-चहा घेत होते तेवढ्यात सासूच आली. "प्यायचा बंद झाला. चल."

ओहोटी होती. बोट काठापासून लांब, चिखलापलीकडे. यमुना चार दिवसांची बाळंतीण, तिला चालवेना, तरी बाळ कुणाच्या हाती देईना. एका बाजूने मी, दुसऱ्या बाजूने सासू, अशा आम्ही तिला धरून गुडघाभर चिखलातून नेलं. माझी एक चप्पल तिथेच राहिली. खाडी ओलांडायला फार वेळ लागत नाही. पण त्या दिवशी बोटवाला इंजिन सुरू करत होता आणि ते सुरू होत नव्हतं. यमुना बाळाच्या नाकाशी बोट धरून बसली होती. दर थोड्या वेळाने सासू विचारायची, "हाय?" ती मान हलवायची.

बोरिवलीच्या दवाखान्यात बाळाला लगेच आत घेतलं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, माझ्याच वयाच्या. त्यांनी यमुनाला एकेक विचारायला सुरुवात केली. जड उचलायचीस का? हो, टोपली. कधीपर्यंत? आठव्यापर्यंत. ताप आला होता?

"आलता ना," यमुना म्हणाली. "गणपतीत. थंडी वाजून यायचा, एक दिवसाआड. पंधरा-वीस दिवस व्हता."

डॉक्टरीणबाईंनी माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही हिला दर महिन्याला भेटत होतात ना?"

भेटत होते. गणपतीनंतरच्या आठवड्यातही भेटले होते. धक्क्यावर ती भिंतीला टेकून बसली होती, शाल घेऊन. मी पाकिटं दिली, अंगठा घेतला, तो नियम बजावला आणि पुढच्या बाईकडे वळले. आमच्या तक्त्यात तापाचा रकाना नव्हता.

"हिवताप असणार," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "मूल वाढत नाही मग पोटात. वेळेआधी पण होतं. नुसत्या पिठाने काय होणार त्याला?"

रात्री सासू आणि यमुना तिथेच राहिल्या. मी पार्ल्याला मावशीकडे गेले. तिने गरम वरणभात वाढला, तो मी खाल्ला. भूक लागली होती.

तिसरा दिवस

सकाळी आठच्या सुमाराला पोहोचले तर दोघी बाहेरच्या बाकावर बसल्या होत्या. यमुनाच्या मांडीवर कपड्यात गुंडाळलेलं बाळ होतं. पहाटे गेलं, सासू म्हणाली. डॉक्टरांनी खूप केलं, असंही तीच म्हणाली. नाव ठेवायचं राहिलं होतं.

मी त्यांच्याबरोबर परत गोराईला गेले. खरंतर वजनं बाकी होती, पण त्यासाठी नाही. त्यांना एकटं सोडवेना. या वेळी भरती होती, बोट थेट काठाला लागलेली. बोटवाल्याने पैसे घेतले नाहीत. आम्ही मागच्या फळीवर बसलो. यमुनाची चोळी दुधाने भिजली होती आणि ती पदराने सारखी झाकत होती.

मध्यावर आल्यावर मी एकदाचं बोलले. "यमुना, तू काही कमी केलं नाहीस. ते तापामुळे झालं. आम्ही विचारायला हवं होतं तापाचं, ते विचारलं नाही. तुझी चूक नाही, माझी आहे."

ती पाण्याकडे बघत होती. तशीच म्हणाली, "म्हंजे पिठानं काय व्हनार नव्हता?"

"एवढ्या तापात फारसं नाही."

"मंग रूपाला थोडा दिला असता तरी चालला असता?"

सासूने तोंड फिरवलं.

"हो," मी म्हटलं. "चाललं असतं."

 काठावर रूपा शेजारणीचा हात धरून उभी होती. यमुनाने बाळ सासूच्या हातात दिलं, उतरली, आणि त्या मुलीला उचलून घेतलं. एवढी मोठी मुलगी, चार-पाच दिवसांच्या बाळंतिणीने उचलायची नव्हती. कुणी अडवलं नाही.

घरी

संध्याकाळी मुलुंडला पोहोचले. आईने पायांकडे बघून विचारलं, "चपला कुठायत?" मला त्याचं उत्तर देता देता रडू आलं.

दोन दिवसांनी देसाईबाईंनी तक्ता पाहिला. खोडलेल्या ओळीवर बोट ठेवून म्हणाल्या, "वाटून खाल्लं होतं तर ते राहू द्यायचं ना. उगाच पिठावर येतं." मी म्हटलं, वाटलं नव्हतं, मी चुकीचं लिहिलं होतं. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी चष्मा काढून ठेवला आणि पुढच्या तक्त्यात तापाचा रकाना घातला. नियम मात्र तोच ठेवला.

पीठ वाईट होतं असं मी म्हणणार नाही. काही जणींची बाळं चांगली भरली, ती मी माझ्या हाताने तोलली आहेत. त्यातलं किती पिठामुळे, किती त्या घरांत आधीच दोन वेळचं होतं म्हणून, ते मला तेव्हा सांगता येत नव्हतं आणि आजही येत नाही.

गोराईला पुन्हा गेले नाही. माझी बदली कांजूरमार्गला झाली, रेल्वेरुळांलगतच्या वस्तीत. तिथे पाकिटं देताना मी तो नियम सांगणं बंद केलं. पहिल्याच आठवड्यात सातव्या महिन्यातल्या एका बाईला म्हटलं, "रोज खा. आणि घरात लहान मूल मागत असेल तर त्यालाही दे थोडं."

ती हसली. "ताई, तुम्ही नाही म्हणाला असतात ना, तरी दिलंच असतं."

यमुनाने माझं ऐकलं होतं.