बँकेवरची लक्ष्मी

टिटवाळ्याच्या अलीकडे आमच्या गावात सहकारी बँकेची इमारत आहे. सन चौतीसची. बांधायची ठरली तेव्हा पंचांत आठवडाभर वाद चालला. कोणी म्हणे बँक कचेरीसारखी दिसावी म्हणजे लोक वचकून राहतील, कोणी म्हणे देवळासारखी दिसावी म्हणजे चार पैसे आणून ठेवतील. शेवटी दोघांचं समाधान झालं. पुढे दोन जाडजूड गोल खांब आणि लोखंडी जाळ्या, म्हणजे कचेरी. दाराच्या कमानीवर चुन्यात घडवलेली कमळातली लक्ष्मी, म्हणजे देऊळ. आणि मागे हातभर जाड भिंतींची बिनखिडकीची तिजोरीची खोली. तिला गावानं पहिल्याच दिवशी कोंबड्यांचं खुराडं म्हटलं.

हे सगळं उभं केलं काळुराम गवंड्यानं. आणि त्याची बायको सखुबाई? भिंतींचा चुना बैलाच्या घाण्यात मळला गेला, पण लक्ष्मीचा चुना बारीक हवा. तो सखुबाईनं पाट्यावर वाटला, गुळाचं आणि हिरड्याचं पाणी घालून, उन्हाळाभर. हाताची सालं निघाली. मूर्ती झाली तेव्हा तिनं विचारलं, चेहरा कोणाचा? काळुराम म्हणाला, "तुजाच गो. दुसऱ्या कोनाचा असंल?"

झालं. बाई त्या दिवसापासून दोन इंच उंच चालायला लागली. दर गुरुवारी बाजारातून येताना बँकेसमोर थांबायची, पदर नीट करायची, वर बघायची. सोबत शेजारीण हौसाबाई. तीही मान उंच करून म्हणायची, हुबेहूब तूच गो सखू. आम्ही कट्ट्यावरची मंडळी सखुबाईला नमस्कार करून व्याजाचा दर विचारायचो. ती हसून पुढे जायची. तिच्या माहेरात आणि सासरात मिळून तिच्याइतकी उंच जागा कोणाला मिळाली नव्हती.

आता एक गोष्ट सांगतो, गावात सगळ्यांना ठाऊक, फक्त वाशिंदहून लग्न होऊन आलेल्या सखुबाईला नाही. हौसाबाईला आधी काळुरामच सांगून आला होता. हुंड्यावरून नव्हे, मानपानावरून फिसकटलं. कोणाला तरी पानाचा विडा आधी गेला म्हणे.

त्रेपन्न साली सेक्रेटरी प्रभाकरांच्या डोक्यात ऑईलपेंट शिरला. दर दिवाळीला चुना फासून लक्ष्मीचं नाक बटाट्यासारखं झालं होतं. तेव्हा आधी जुने थर खरवडायचं ठरलं. आपला चेहरा उजळणार म्हणून सखुबाई नवं लुगडं नेसून आली. हौसाबाईला घेऊनच. परांचीवरचा माणूस खरवडत गेला. कपाळ निघालं, गाल निघाले, मग हनुवटी निघाली. हनुवटीवर सुईनं टोचलेले तीन ठिपके, त्रिकोणात.

देवीला गोंदण कुठून आलं? सखुबाईची हनुवटी कोरी. लहानपणी गोंदणारीला बघून ती भाताच्या कणगीत लपली होती, हे ती स्वतःच हसून सांगायची. हौसाबाईच्या हनुवटीवर मात्र तीन ठिपके, त्रिकोणात. काळुरामचा हात आठवणीनं चालला होता, आणि चूक ध्यानात आल्यावर त्यानं त्यावर चुन्याचे दोन जाड हात मारले होते. कट्ट्यावर आम्ही खोकलोसुद्धा नाही.

सखुबाईनं परांचीखाली उभ्या नवऱ्याकडे बघितलं नाही. शेजारी उभ्या हौसाबाईला हळूच म्हणाली, "तुला ठावं होतं?"

"पहिल्या दिसापासून."

"मंग मना घेऊन दर गुरुवारी काय बघायला येत होतीस?"

"माजंच त्वांड," हौसाबाई म्हणाली. "एकटी येऊन बघितलं असतं तं लोक काय बोललं असतं?"

सखुबाईनं हातातली पिशवी दुसऱ्या हातात घेतली आणि खुराड्यामागच्या चिखलातून, नव्या लुगड्यानिशी, घरी गेली. नंतर सगळे गुरुवार ती त्याच वाटेनं, एकटी.

प्रभाकरांनी ते ठिपके लांबी भरून बुजवले आणि लक्ष्मीला गुलाबी रंग दिला. काळुरामनं पुढे खूप दिवस बायकोची मनधरणी केली. ती भाकरी वाढायची, ताप आला तर काढा द्यायची, पण त्याच्या चुन्याला पुन्हा हात लावला नाही. दुसऱ्या कोणाचा वाटलेला चुना त्याच्या हाताला मानवेना. तो भिवंडीहून सिमेंटच्या गोणी आणायला लागला. गावात बोलबाला झाला की काळुराम गवंडी नव्या जमान्याचा माणूस, सगळ्यांच्या आधी सिमेंटवर गेला. त्यावरून त्याचा सत्कारही झाला. पहिल्या रांगेतली एक खुर्ची रिकामी होती.