एका कार्डावर दोघी

जयाचा उजवा हात प्रेसमध्ये गेला, तेव्हा कंपनीच्या लेखी जया तिथे नव्हतीच.

कुंभिवलीला हायवेलगत डब्यांची झाकणं बनवणारी ही कंपनी. हिंगोलीकडून पोट भरायला आलेली जया तिथे लागली, पण तिला कार्ड मिळालं नाही. ठेकेदार जगदीशशेठनं रीतच तशी पाडली होती: एका कार्डावर दोन बाया, म्हणजे विमा एकीचाच भरावा लागे. सकाळच्या पाळीला गावातली भाग्यश्री जाई. दुपारी गेटबाहेर ती गळ्यातलं कार्ड काढून जयाच्या गळ्यात घाली आणि म्हणे, "जा गं भाग्यश्री." दोघी हसत. फोटोतलं तोंड कुणी बघत नसे.

पत्रा कापणाऱ्या त्या प्रेसला दोन बटणं. दोन्ही हातांनी दाबली तरच ठोका पडायचा, म्हणजे हात आत राहायला नको. पण माल भराभर निघावा म्हणून एका बटणात लाकडाची पाचर ठोकून ते कायम दाबून ठेवलेलं. त्या दुपारी जयाचा डावा हात बटणावर होता, उजवा पत्र्यावर. चार बोटं गेली.

अजून एक ऑपरेशन झालं तर अंगठा कामाचा राहील, असं डॉक्टर म्हणाले. कामगार विम्यातून ते झालं असतं. त्यासाठी जगदीशशेठनं एवढंच सांगायचं होतं, की अपघात इथे झाला, जयाला झाला. म्हणून ती बांधलेला हात घेऊन गेटवर आली.

त्यानं भाग्यश्रीला बाहेर बोलावलं. पाळी बदलत होती. बाया थांबल्या.

"हात दाखव गं."

भाग्यश्रीनं दोन्ही हात पुढे केले.

"कार्ड हिचं. बोटं सगळी जाग्यावर. मग अपघात झाला कुणाला? भुताला?"

कुणीतरी फिसकन हसलं.

"शेठ, दुपारच्या पाळीला मी कदी आलेच नाय," भाग्यश्री म्हणाली. "त्या टायमाला सासूला भरवते मी. अख्ख्या गावाला ठावं हाय."

"मग कार्ड दुसरीला दिलंस. उद्यापासून येऊ नकोस."

"दिलं कुनाच्या सांगन्यावरनं? तुमीच म्हनला होता ना, बायांची तोंडं सारखीच दिसतात!"

आता बायांतून हसू आलं नाही. जगदीशशेठचा आवाज एकदम गोड झाला. तो जयाकडे वळला. "बघ, झाडूला ठेवतो तुला. एका हातानं होतंय. झाडूवाल्या पारूबाईच्या कार्डावर ये."

जया आजवर या माणसापुढे मान खाली घालूनच उभी राहिली होती.

"मुडद्या," ती म्हणाली, "बोटं माझी खाल्लीस, अन् आता आणखी एका बाईचं नाव अडकवतोस व्हय गळ्यात? अपघात जयाला झाला. म्हण. जयाला झाला."

"हाकल रे हिला," त्यानं वॉचमनला सांगितलं.

तोवर जया खाली बसली होती. सरकत्या गेटच्या रुळावर, ऐन मध्ये. माल भरलेला कंटेनर आतून आला आणि थांबला. ड्रायव्हरनं हॉर्न दाबून धरला. जया हलली नाही.

भाग्यश्रीनं गळ्यातलं कार्ड काढून जगदीशशेठच्या पायाशी टाकलं.

"सरक गं जया," ती म्हणाली, आणि शेजारी बसली.