लुडबुड घरच्यांचीच

लुडबुड हा शब्द परक्यासाठी नाहीच. चोर घुसतो, वाघ शिरतो. लुडबुड मात्र घरचंच माणूस करतं. रांगतं पोर करतं, आणि आमच्याकडं सासूबाई करायच्या. मी भाजी टाकली की झाकण उघडणार, चिमूटभर मीठ वाढवणार, वर ‘असू दे गं’ म्हणणार. एके सकाळी माझं डोकंच फिरलं. ‘आई, माझ्या स्वयंपाकात लुडबुड करू नका,’ म्हणाले. त्या शेजारच्या खोलीत गेल्या आणि आतून कडी लावून पडून राहिल्या. जेवायलाही आल्या नाहीत.

दुपारी मी अंगणात धुणं वाळत घालत होते. आमची वस्ती संगमनेरकडची, तिन्ही अंगांनी ऊस. कुत्रं केकाटत आलं आणि पडवीतून निसटलं. त्याच्यामागचा बिबट्या मात्र सरळ स्वयंपाकघरात शिरला. आमच्याकडं त्याला वाघच म्हणतात. नवऱ्यानं गोठ्यातून धावत येऊन दार ओढलं, बाहेरून कडी घातली. वाघ शिरला की आधी कडी, हे इथं पोराटोरांनाही ठाऊक. कडी बसली आणि मग दोघांनाही आठवलं, आई आत आहेत. त्यांच्या खोलीची वाट स्वयंपाकघरातूनच. चहाची वेळ झालेली, आणि त्या कानानं अधू.

मी आईंच्या मोबाईलवर फोन लावत राहिले. शेवटी लागला.

‘आई, दार उघडू नका.’

‘का गं? च्यापुरतंबी येऊ न्हाई व्हय?’

‘वाघ आहे, आई, वाघ!’

‘मला वागायला शिकवतीस व्हय? ऱ्हाऊ दे. सकाळी लई बोल्लीस तेवढं बास झालं.’ आणि फोन ठेवला.

मी घरामागं पळाले. खिडकीच्या गजांतून पाहते तर त्यांचा हात कडीवर. ओरडले, पण त्यांना ऐकू जाईना. खांद्यावर ओला टॉवेल होता, तोच गजांतून फेकला. पाठीवर बसला तशा त्या वळल्या. मी नुसते हात जोडले. तेवढ्यात पलीकडं भांड्यांची मांडणी धाडकन कोसळली आणि पाठोपाठ गुरगुर आली. ती मात्र त्यांनाही ऐकू गेली. त्या खिडकीशी आल्या, गजांतून माझं मनगट धरलं. वनखात्याची माणसं येऊन वाघाला इंजेक्शन देऊन नेईपर्यंत त्यांनी ते सोडलं नाही. देव पाण्यात घालून बसणं म्हणजे काय, ते मला त्या दुपारी कळलं.

दुसऱ्या दिवशी मी चुलीपाशी होते. आई उंबऱ्यापाशी थांबल्या. स्वयंपाकघर त्यांचंच, मी लग्न होऊन आले तेव्हा मला चूल दाखवली ती त्यांनीच.

‘आत येऊ का?’ त्या म्हणाल्या.

वाघाला भ्याल्या होत्या की मला, हे विचारायचा धीर मला अजून झालेला नाही.