मातीच्या होडीची नाळ

आमच्या घरात सात पिढ्यांत कुणी होडी बाळगली नव्हती. सासरे ताडपत्र्या शिवायचे, ट्रकवर टाकायच्या आणि मिठागरातल्या राशींवर घालायच्या. पनवेलात हायवेला लागून आमचा एक गाळा होता, त्यामागे पडवी आणि अंगण. गाळ्यात सासरे बसायचे, त्यांना मी मामा म्हणायचे, आणि पडवीत माझ्या शिलाई मशीनवर मी. पुढे ताडपत्र्या, मागे पिशव्या. ही गोष्ट नव्वद सालच्या आसपासची. मामांची नजर तोवर अधू झाली होती आणि जाड कापडावर सरळ टीप आता माझीच पडायची, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. पण बाईमाणसानं हायवेच्या तोंडावर बसून ट्रकवाल्यांशी बोलायचं नाही, हा त्यांचा हट्ट. मीही काही गरीब गाय नव्हते. दिवसातून एकदा तरी आमची जुंपायचीच.

अशात पार उत्तरेकडून, डोंगरातल्या कुठल्याशा तळ्याकाठच्या गावाहून एक पत्र आलं. लिहिणारे एक निवृत्त डॉक्टर. बटाटे भरायला तिकडे गेलेल्या आमच्या गिऱ्हाइकाच्या ट्रकवरची ताडपत्री त्यांनी पाहिली होती, तिची शिलाई त्यांना आवडली आणि ड्रायव्हरकडून त्यांनी आमचा पत्ता घेतला. त्यांची स्वतःची एक होडी होती. पाऊस सुरू होण्याआधी तिच्यासाठी कॅनव्हासचं अंगाबरोबर बसणारं कव्हर हवं होतं. रंगीत पेन्सिलींनी काढलेला होडीचा नकाशा सोबत होता आणि खाली नीटनेटक्या हिंदीत मापं.

"होडी आपलं काम नाय," मामा म्हणाले.

"मी शिवते," मी म्हणाले.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "शिव. कवर बसला तर मशीन पुडं नेऊ, तू गाल्यात बस. नाय बसला तर परत गाल्याचं नाव काडायचं नाय."

मी तेव्हाच पोस्टात जाऊन होकाराचं कार्ड टाकलं. परत येताना पाय जमिनीला लागत नव्हते.

अडचण दुसऱ्या दिवशी कळली. ट्रकची ताडपत्री चौकोनी असते, डोळे मिटून कापावी. होडी पुढे निमुळती, मधे फुगलेली. अंगावर घालून पाहिल्याशिवाय झंपर बेतता येत नाही, मग होडी हजार मैलांवर असताना तिचं कव्हर कसं बेतायचं? दोन दिवस मी नकाशा घेऊन नुसती अंगणात फेऱ्या मारत होते. तिसऱ्या दिवशी सुचलं. नेऱ्याकडच्या भट्टीवरून फुटक्या विटा उसन्या आणल्या, आमच्याच अंगणात डॉक्टरांच्या मापाने रचल्या आणि वरून माती लिंपायला घेतली. चौदा फूट लांबीची होडी, तीही समुद्रापासून लांब, तुळशीवृंदावनाच्या शेजारी! गल्लीत बातमी पसरायला वेळ लागला नाही. जो तो येऊन सल्ला देऊन जायचा. मला इतकी मजा कधी आली नव्हती.

रोज दारावर मासळी आणणारी कोळीण डोक्यावरची पाटीही न उतरवता बघत उभी राहिली. "सगलं हाय," ती म्हणाली, "आन् नाल कुटं हाय?"

नाळ म्हणजे होडीचा पुढचा, वर उचललेला भाग. आमच्या खाडीतल्या होड्या बघा, नाळ अशी ताठ वर असते. कागदावर मात्र लिहिलं होतं, पुढची उंची दीड फूट, मागची उंची दीड फूट. सपाट.

इतके दिवस लांबून बघणारे मामा तेव्हा गाळ्यातून उठून आले. "ही होडी हाय का म्हशीची गव्हाण? लिवताना चुकला असंल तो डाक्टर. पुडं दीड फुटावर लाट आत येल ना."

तळ्यात लाट कुठली येणार, हे मला तेव्हा सुचायला हवं होतं. पत्र टाकून विचारायला हवं होतं. पण उत्तर यायला तीन आठवडे, आणि खरं सांगायचं तर मलाही ती नाळेशिवायची होडी होडी वाटत नव्हती. मी हो म्हणाले. मामांनी बाह्या सरसावल्या, मांडी घालून बसले आणि ओल्या मातीची नाळ चढवू लागले. हातभर उंच, टोकाला किंचित आत वळलेली. त्यांना डोळ्यांनी धड दिसत नव्हतं, पण हातांना सगळं माहीत होतं. होडी पुरी झाल्यावर त्यांनी नाळेला हळदकुंकू लावलं आणि नारळ फोडला. प्रसाद कोळणीनेही घेतला.

कव्हर मी आठ दिवसांत शिवलं. कडेला दोरी ओवली, पितळी रिंगा ठोकल्या, आणि मातीच्या होडीवर चढवलं तेव्हा कुठे सुरकुती म्हणून नव्हती. बटाटेवाल्या ट्रकनेच ते वर गेलं.

विटा भट्टीवर परत द्यायच्या राहिल्या. पावसाच्या तोंडावर मामांनी मातीच्या होडीवर एक जुनी ताडपत्री टाकून ती बांधून घेतली. "इटा भिजतील," एवढंच म्हणाले. भाजलेली वीट भिजली तर काय होतं, हे मी विचारलं नाही.

श्रावणात डॉक्टरांचं पत्र आलं. मामांना वाचता येत नसे. मी गाळ्यात उभी राहून पहिलं पान मराठी करून वाचलं. शिलाई सुरेख आहे. कापड उत्तम. मात्र एक गोष्ट समजली नाही. आमची होडी पुढून सपाट आहे, तुमच्या कव्हराला तिथे एक मोठं नाक आहे. ते रिकामंच उभं राहतं आणि वाऱ्याने फडफडतं. गावातले लोक बघून हसतात.

पुढचं वाचवेना. पान तसंच हातात धरून मी पडवीकडे वळले.

"थांब," मामा म्हणाले. "ती नाल माजी हाय."

"मी हो म्हणाले होते, मामा."

"तू काय, कोनीबी हो म्हनला असता. हात माजा होता. तुजा कवर मातीवर बसला का नाय? सुरकुती नव्हती. मी बघितला, हात फिरवून बघितला."

मग ते उठले, पडवीत गेले आणि माझ्या मशीनला हात घातला. साठी उलटलेला माणूस ते बिडाचं धूड एकटा ओढत होता. मी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून मशीन गाळ्यात आणलं, उजेडाकडे तोंड करून ठेवलं. "बस, बाय," ते म्हणाले. मी बसले. मला रडू आवरेना, आणि हायवेवरच्या ट्रकवाल्यांनी बघितलं तरी मला त्याची पर्वा नव्हती.

डोळे पुसून झाल्यावर दुसरं पान आठवलं.

त्यात होतं, की मग डॉक्टरांनी कंटाळून त्या नाकात एक वल्हं उभं करून टाकलं, तसं सगळं कव्हर तंबूसारखं उतरतं ताणलं गेलं. पाऊस आला. बाकीच्यांच्या सपाट कव्हरांवर पाण्याची तळी साचली, एक होडी तर त्या वजनाने बुडाली. डॉक्टरांच्या कव्हरावरून मात्र सगळं पाणी नाकावरून दोन्ही बाजूंना घसरून गेलं, आत थेंब नाही. आता हसणाऱ्यांपैकी दोघांना तशीच कव्हरं हवी आहेत. होड्या एकाच सुताराच्या हातच्या, मापं तीच. नाक विसरू नये.

मी हसत सुटले. मामा हसले नाहीत. ते अंगणात गेले, ताडपत्रीच्या गाठी सोडल्या आणि ती बाजूला केली. मातीची होडी कोरडी ठणठणीत होती, नाळेला तेवढी एक भेग पडली होती. पागोळीखाली हात ओला करून मामा तिच्यापाशी उकिडवे बसले आणि बोटांनी ती भेग लिंपू लागले.

"बसलीस का मशीनवर?" त्यांनी तिथूनच विचारलं. "काप कापड."