दीक्षा विचाराधीन

गेल्या वर्षी एका आठवड्यात माझ्या नावानं सहा धर्मांत प्रवेशाचे अर्ज दाखल झाले. सगळे मीच भरले होते.

झालं असं, की माझी बायको शालन पंचेचाळिसाव्या वर्षी बाहेरून बी.ए.ला बसली. शेवटच्या वर्षाला प्रकल्प होता, 'जगातील धर्म : एक परिचय'. खाली सूचना : इंटरनेटवरचे विश्वासार्ह स्रोत जोडावेत. जमा करायला आठ दिवस होते आणि प्रकल्प नापास म्हणजे अख्खं वर्ष वाया! बिचारी रडकुंडीला आली होती.

"त्यात काय एवढं? स्रोत मी शोधतो," मी म्हणालो. (या वाक्याबद्दल मी स्वतःला अजून माफ केलेलं नाही.)

आणि मग माझं डोकं जे फिरलं ते फिरलंच! पहिली वेबसाइट सांगत होती, आमचाच धर्म सगळ्यांत जुना. दुसरी म्हणाली, पहिलीनं सगळं आमच्याकडून चोरलं. तिसरीवर ज्यू धर्माची माहिती उघडावी, तर मध्येच पोट कमी करायच्या गोळ्यांची जाहिरात! लेखकाचं नाव कुठंच नाही. बेवारस मजकूर नुसता! आमच्या कचेरीत असा कागद कुणी आणला असता, तर मी त्याला जिन्यावरूनच परत पाठवला असता.

ज्या साइट जरा बऱ्या दिसल्या, त्या पुढचं वाचू देईनात. आधी फॉर्म भरा म्हणे. भरला! मी तीस वर्षं सरकारी कचेरीत लोकांचे अर्ज तपासतोय. एक रकाना रिकामा दिसला, की अर्ज परत. तेव्हा माझ्या हातून रकाना रिकामा राहणं शक्यच नव्हतं. नाव, पत्ता, मोबाइल भरला. 'प्रतिनिधीची भेट हवी का?' होय. 'दीक्षा घेण्याची इच्छा आहे का?' इथं मात्र मी विचार केला. 'होय' लिहिणं खोटं, 'नाही' लिहिणं उद्धटपणाचं. म्हणून कचेरीच्या सवयीनं लिहिलं, 'विचाराधीन'.

अशा सहा साइट झाल्या.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. हिंदीत, इंग्रजीत, एक तर थेट परदेशातून! सगळे इतके गोड बोलायचे, की माझा संताप आणखीच वाढायचा. एकजण मी अंघोळीला गेलो असताना फोनवर शालनकडंच माझ्यासाठी आशीर्वाद देऊन गेला. मी बाहेर आल्यावर तिनं फोन हातात दिला नि म्हणाली, "अहो, माझा प्रकल्प राहू द्या. आधी तुमचं काय चाललंय ते सांगा!"

चौथ्या दिवशी दारावर बेल वाजली. डोळे तपासायला सांगोल्याहून आलेल्या आमच्या आईनं दार उघडलं. बाहेर पांढऱ्या शर्टातले एक वयस्क गृहस्थ, खांद्याला पिशवी.

"साहेब आहेत का? त्यांच्या दीक्षेबद्दल बोलायचं होतं."

आईनं त्यांना खुर्ची दिली, पाणी दिलं आणि आत येऊन माझी कॉलर धरली.

"व्हय रं, धरम बदलाय निघालास? बिरोबाला काय सांगू मी?"

"आई, अगं तो नुसता फॉर्म हाय!"

"फारम भरूनच समदं हुतंय! तूच सांगतूस की!"

मी तिला फॉर्म दाखवायला मोबाइल काढला. तोवर आईनं गावाकडं फोन लावला होता. दहा मिनिटांत चुलत्यांचा मला फोन. "धरम कंचा बी घे, पर तुझ्या वाटणीची मेंढरं आता कुणाच्या नावावर करायची ती बोल!" माझ्या आत्म्याची चौकशी मात्र त्यांनी केली नाही!

मी तरातरा बाहेर आलो आणि सगळा राग त्या पाहुण्यावर काढला. "लाज नाही वाटत? अभ्यासाला माहिती मागितली, तर तुम्ही माणूसच मागता!"

गृहस्थ शांतपणे चहा पीत शालनकडून तिच्या प्रकल्पाचं ऐकत होते. ते तिलाच म्हणाले, "बाई, आमच्या साइटवर आम्ही आमचं चांगलंच लिहिणार की. तुम्हाला अभ्यास करायचा आहे ना? मग विद्यापीठांचं बघा, संग्रहालयांचं बघा. कोणी लिहिलंय, कशावरून लिहिलंय, हे जिथं दिलं असेल तेवढंच घ्या. आणि आमचंसुद्धा त्याच्याशी ताडून बघा." जाताना ते आईच्या पाया पडले. आई मला म्हणाली, "किती गुणाचा हाय! न्हाय तर तू!"

शालन पुढचे चार दिवस कॉम्प्युटरसमोरून उठलीच नाही. मला त्याला हात लावायची बंदी होती. प्रकल्प वेळेत जमा झाला.

तोंडी परीक्षेला मी दाराशी कान लावून उभा होतो. परीक्षकांनी विचारलं, "बाई, स्रोत इतके नेमके कसे निवडलेत?"

"सोपं आहे सर. आधी आमच्या ह्यांना शोधायला बसवायचं. त्यांना जे जे पटलं, ते ते सोडून द्यायचं."

शालन पहिल्या वर्गात पास झाली. आता एम.ए.ला बसतेय, आणि स्रोत शोधायला तिनं मला आत्तापासूनच बसवलंय!