असेम्बलरला न कळलेल्या ओळी

वानखडे सर गेल्याचा फोन आला, तेव्हा मी अमरावतीत कंत्राटी शिक्षकांच्या मोर्च्याचं पत्रक लिहीत होतो. अकोल्यात, राहत्या घरी, हृदयविकाराचा झटका... एवढंच कळलं. पाच आठवडे झाले. ते पत्रक अजून अर्धंच आहे.

सर रोज गाडीनं बडनेऱ्यापर्यंत यायचे आणि आमच्या कॉलेजात अकरा महिन्यांच्या कंत्राटावर कॉम्प्युटर लॅब सांभाळायचे. आम्हाला शिकता यावं म्हणून त्यांनी एक छोटा कर्नल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमचा गाभा, लिहिला होता. अडचण असेम्बलरची होती. आपण अक्षरांत लिहिलेल्या आज्ञांचे मशीनला कळणारे आकडे करून देणारा तो प्रोग्राम. लॅबमधला इतका जुना, की काही नव्या आज्ञांची नावंच त्याला ठाऊक नव्हती; आणि तो बदलायला परवानगी मिळत नव्हती. मग सर नाव टाळून तिथे थेट आकडेच लिहायचे.

"म्हाताऱ्याले नाव सांगून समजत नसन, तर हात धरून न्यावं. घराबाहेर काहून काढाचं?"

मी भडकायचो. "सर, नव्या लॅबसाठी मोर्चा काढू!"

"काढ ना बापू. तोवर पोट्ट्यायनं काय भिताडाकडे पाहाचं?"

यंदा कंत्राट वाढवायच्या आधी कॉलेजच्या समितीला प्रात्यक्षिक हवं होतं. कर्नल लॅबच्या मशीनवर तयार झाला, तर सरांची नोकरी राहणार होती. आदल्या दिवशी मी मदत म्हणून कोड 'साफ' केला. आकड्यांच्या त्या ओबडधोबड ओळी काढून आज्ञांची नावं घातली. माझ्या नव्या लॅपटॉपवर सगळं बिनबोभाट तयार झालं. सरांना म्हटलं, "जरा नीटनेटकं केलं." ते विसंबले.

लॅबच्या मशीननं पहिल्याच बदललेल्या ओळीला नकार दिला. अशी आज्ञा नाही. सरांनी स्क्रीनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "दोन मिनिटं द्या, साहेब." अध्यक्ष उठलेच होते. "तुमचंच तुम्हाला चालवता येत नाही, मुलांना काय शिकवणार?"

"चूक माझी आहे," सर म्हणाले.

चौकाचौकात माईक धरून ओरडणारा मी तिथं गप्प उभा राहिलो. सरांनी ओळी परत बदलल्या. कर्नल तयार झाला. पाहायला समितीतलं कुणी नव्हतं.

कंत्राट वाढलं नाही. सरांच्या छातीत दुखायचं, डॉक्टरांनी तपासणी सांगितली होती. दुसरीकडे कुठं लागलो की करतो, म्हणाले. एका माणसाची अख्खी भाकर दहा मिनिटांच्या प्रात्यक्षिकावर टांगणारी ही पद्धत मला मान्य नाही, कधीच होणार नाही. पण तिच्याआड मी लपूनही बसणार नाही.

गेल्या आठवड्यात सरांच्या पत्नीनं, काकूंनी, त्यांची वही दिली. भातकुलीची पोरगी, पातूरचा पोरगा, कुणाच्या मशीनवर कोणता असेम्बलर, त्याला काय कळत नाही... पानंच्या पानं. प्रात्यक्षिकाच्या दिवशीची नोंद एवढीच: "आकडे काहून लिहिले, ते वरती लिहून ठेवलंच नाही. त्या पोराले कसं समजन? चूक माझी."

मी इतके दिवस समजत होतो, सरांनी मला पाठीशी घातलं. तसं नव्हतंच. त्यांना खरंच आपली चूक वाटली होती, आणि मी तोंड उघडलं नाही म्हणून ते तीच घेऊन गेले. वही माझ्या टेबलावर आहे. त्यांच्या अक्षराखाली पेन टेकवायची माझी हिंमत होत नाही. म्हणून इथं लिहितो: न विचारता हात मी लावला होता.